पायपुसण्यावरचे बूट

कोल्ड ब्रुक, व्हरमाँट
२ ऑगस्ट

चि. अ‍ॅल्डनला हेस्टरताईचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. मार्चच्या ग्रामसभेत शेजारच्या ऑरिन टटलने चौकात कॅमेरे बसवायचा ठराव मांडला, तेव्हा मी उठून विचारलं की जिथे शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास नाही त्याला गाव म्हणायचं की कोंडवाडा? ठराव आपटला. तेव्हापासून ऑरिन माझ्याशी बोलत नाही.

आणि आता मलाच कॅमेरा हवा आहे. हसून घे. रोज सकाळी कुणीतरी माझ्या ओसरीवर ती काकडीसारखी हिरवी झुकिनी ठेवून जातं. ऑगस्टात आपल्याकडे गाडीला कुलूप लावतात ते चोरांसाठी नव्हे, झुकिनीसाठी; गाडी उघडी दिसली की शेजारी आपलं जास्तीचं पीक तिच्यात कोंबून जातात, हे तू विसरला नसशील. पण हा हल्ला रोजचा आहे! मी सूप केलं, केक केले, पाद्रीबाईंना दिल्या. आता त्या मला पाहून रस्ता ओलांडतात. तुझा जुना कॅमेरा पाठव. मात्र गावाला कळलं, तर पुढच्या मार्चमध्ये मी कुठल्या तोंडाने बोलायला उभी राहू?

लोभ असू दे, भाजी नको.
हेस्टरताई


टोलेडो
९ ऑगस्ट

ती. हेस्टरताईस अ‍ॅल्डनचा सा. न. वि. वि.

कॅमेरा सोबत आहे. माझं हसून झालं, बायकोचं, आयडाचं, अजून चाललंय.

आधी वायर राउटरला जोड. लगेच कारखान्यातून आलेला पासवर्ड बदल, तो जगाला ठाऊक असतो. कुत्र्याचं नाव ठेवू नकोस. तू त्याला गावभर हाका मारत फिरतेस. चित्रात जे दिसायला नको ते बोटाने काळं करता येतं. हालचाल झाली की आपल्या दोघांच्या फोनवर घंटी वाजेल. आणि सेटिंगमध्ये जाऊन पुढचा लाल दिवा बंद कर, विसरू नकोस.

लहानपणी माझी डायरी चोरून वाचणारी ताई भरसभेत विश्वासावर बोलली, हे ऐकून ऊर भरून आला.

आहे तेवढा लोभ ठेव.
अ‍ॅल्डन


कोल्ड ब्रुक
१८ ऑगस्ट

चि. अ‍ॅल्डनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅमेरा चिमण्यांच्या लाकडी घरट्यात बसवला. मग काळं करायला बसले. रस्ता सगळ्यांचा, तो काळा केला. ऑरिनचं घर हा त्याचा खासगी मामला, तेही काळं. मेपलच्या झाडाखाली टपालवाली विसावते, तिलाही तिचा हक्क आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व! शेवटी पायपुसणं आणि एक पायरी उरली.

काल चोर सापडला. दिसले फक्त बूट! पण त्यांना नाडीऐवजी गवताचे गठ्ठे बांधायची नारिंगी सुतळी. गावात असे बूट घालणारा एकच. निर्दोष माणसाला कॅमेऱ्याची भीती कसली, असं छाती ठोकून सांगणारा ऑरिन! त्याला भरसभेत उघडं पाडावंसं वाटतं; पण पुरावा दाखवायचा तर आधी मीच उघडी पडते. काय करू, सांग.

चिडलेली
हेस्टरताई


टोलेडो
२३ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

चित्रण मीही रोज पाहतोय. झुकिनी ठेवल्यावर ते बूट जात नाहीत. पायपुसण्यावर घासले जातात, दाराकडे एक पाऊल येतात, मागे सरतात, पुन्हा येतात. भाजी ठेवायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. तुला दार उघडायला किती लागतो?

तुझाच आगाऊ
अ‍ॅल्डन


कोल्ड ब्रुक
३० ऑगस्ट

चि. अ‍ॅल्डनला पोटभर आशीर्वाद. वि. वि.

वायर उपटली आणि ओसरीवर दोन खुर्च्या मांडून कॉफी घेत बसले. ऑरिन आला, काखेत तान्ह्या पोराएवढी झुकिनी. मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यानेच विचारलं की हेस्टर, तुझ्या चिमण्या विडी ओढायला लागल्या का गं? मेला तो लाल दिवा! बंद करायचा राहूनच गेला होता. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग येत का राहिलास रे, असं मी विचारलं. तर म्हणे, दार वाजवायचा धीर होत नव्हता. निदान तू बघतेयस एवढं तरी कळत होतं.

मग मी त्याला फोनवर चित्रण दाखवलं, पायपुसणं आणि एक पायरी, बाकी सगळं काळं. गावात बोलणार नाही म्हणाला. मी सांगितलं की ते मला चालायचं नाही, मार्चमध्ये मीच उभी राहून सांगणार. तर म्हणे मग मीही उठेन, आणि सांगेन की या बाईच्या हाती कॅमेरा आला तेव्हा तिने सगळं गाव झाकलं आणि स्वतःचं पायपुसणं तेवढं पाहिलं. ठराव मात्र तो पुन्हा मांडणार आहे. मीही पुन्हा पाडणार आहे.

कॅमेरा परत पाठवतेय. खोकं जड लागेल, दचकू नकोस. वाटेत तो आदळू नये म्हणून चहूबाजूंनी काहीतरी ठासून भरायला हवं होतं. केकची कृती आयडासाठी ठेवली आहे.

लोभ असाच वेलावर धरत राहो.
हेस्टरताई