धरलेली जागा

सहकारनगर, पुणे
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद.

इकडचं सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम आहे, हे आधीच लिहून टाकतो, कारण हल्ली फोनवर तू दुसरं काही विचारत नाहीस. साखर मोजायचं ते यंत्र दर पंधरा दिवसांनी नवं काढून दंडाला चिकटवतो. माझ्या रक्तात काय चाललंय ते तुला तिकडे लंडनला हॅरोत बसून दिसतं म्हणे. डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, हे यंत्र काढणाऱ्यांचे उपकार.

सोजरबाई येतात, चार पोळ्या आणि आठ तक्रारी करून जातात. गणपती दहा दिवसांवर आले. समोरच्या मैदानात संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो. शंभर जण एकाच वेळी बडवतात आणि ताल एकालाही नाही. पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी पोच दिली. कात्रजकडचा रस्ता यंदा तिसऱ्यांदा खणलाय. एकंदरीत पुणं तू सोडून गेलास तसंच आहे, फक्त जास्त.

पत्र हाताने लिहून कुरिअरने पाठवतोय म्हणून हसू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्यावर अंगठा ठेवून मोकळा झाला असतास. आणि फोनवर मी जरा गंभीर आवाज काढला की तू म्हणतोस, "बाबा, आधी काहीतरी खाऊन घ्या." मग मी खातो, आणि बोलायचं राहतं.

काल क्लबात माझा सत्कार झाला.

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात व्याख्यान दिल्यावाचून सोडत नाहीत. हा तर विंबल्डन बघून आलेला! आमचे सचिव दत्तप्रसाद मी परतल्यापासून मागे लागले होते. एकोणीस वर्षं सचिव आहेत, सर्व्हिस अजून नेटमध्येच जाते. पण फलक मात्र असा रंगवून घेतला होता की मी तिथे खेळून, जिंकून आलो असं वाटावं. शाल, श्रीफळ, प्लॅस्टिकचा चषक. चाळीसेक मंडळी होती, त्यातली निम्मी सामोशांसाठी. चटणी आंबलेली होती. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खाल्ली. मीही.

पाऊण तास बोललो. आयुष्य लाल मातीच्या कोर्टावर रोलर ओढण्यात गेलेल्या माणसाला ते हिरवं गवत प्रथम बघून काय वाटतं, ते सांगितलं. ते खरं होतं. मग रांगेचं वर्णन केलं. म्हटलं, "हजारो माणसं गवतावर बसलेली, ना दोरी, ना दंडुका, आणि एक माणूस मधे घुसत नाही. आपल्या लोकांनी हे शिकायला हवं." जोरदार टाळ्या. आपल्या लोकांना शिव्या घातल्या की आपले लोक फार टाळ्या वाजवतात.

शेवटी दत्तप्रसादांनी विचारलं, "आणि शौनकही होता ना बरोबर? बापलेकांनी शेजारी बसून विंबल्डन बघायचं, काय भाग्य!"

मी म्हणालो, "होता की. शेजारीच होता."

पुन्हा टाळ्या. जोशीकाकूंनी तर डोळे पुसले.

घरी आलो, शाल खुर्चीवर भिरकावली आणि मोरीत जाऊन चूळ भरली. चटणीची चव गेली. दुसरी गेली नाही. रात्रभर स्वतःचाच आवाज कानात येत होता, 'शेजारीच होता', आणि अंगावर पाल पडल्यासारखी शिसारी येत होती.

शौनक, त्या गुरुवारची हकिकत तुला माहीत आहे, असं तुला वाटतं. तुला निम्मीच माहीत आहे. उरलेली आता माझ्याकडून ऐक, मधे थांबवायला तू इथे नाहीस हे बरंच आहे.

पहाटे पावणेपाचला तू मला विंबल्डनच्या रांगेच्या त्या बागेशी सोडलंस. तिकिटांच्या सोडतीत आपलं नाव लागलं नव्हतं, तेव्हा रांग हाच एक मार्ग उरला होता. तुझी सहाची मीटिंग होती. तू म्हणालास, "बाबा, नको, आपण उद्या दोघं बरोबरच येऊ." मी म्हणालो, "तू ये उरकून, मी जागा धरतो." हे मी सहज म्हणालो. आपल्याकडे कोण म्हणत नाही? तुझ्या बालवाडीच्या प्रवेशाला मी पिशवी ठेवून नंबर लावला होता आणि मधे घरी येऊन अंघोळ करून गेलो होतो. पिशवीला तेवढी किंमत असते. मागचा माणूस ती राखतो, कारण उद्या त्याची पिशवी आपण राखणार असतो.

तिथे मी सतरंजी पसरली. माझ्या शेजारी तुझं जाकीट ठेवलं, त्यावर डबा ठेवला. मग रांग सांभाळणारा एक उंच, म्हातारा, फार अदबशीर माणूस आला आणि त्याने नंबराचं कार्ड दिलं. मी दोन मागितली. तो म्हणाला, माणशी एक, आणि माणूस इथे हजर हवा. दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. वर नियमांची छापील पुस्तिका दिली. मी ती वाचली, शौनक. मी नियम वाचत नाही असं कधी झालंय का? विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीस वर्षं दुसरं केलं काय मी! तीत स्वच्छ लिहिलं होतं की मधे घुसणाऱ्याला बाहेर काढतील. माझा नंबर चौदाशे ऐंशीच्या आसपास होता. मोठ्या कोर्टांची तिकिटं साधारण पंधराशेपर्यंत पुरतात, हे आजूबाजूची मंडळी बोलत होती.

म्हणजे मी आत जाणार होतो, आणि तू येऊन नव्याने मागे उभा राहिलास तर तू जाणार नव्हतास.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. "येऊ नकोस, कार्ड मिळालं नाही," एवढं वाक्य. मी केला नाही. मला वाटलं, बघू. मागच्या बाईंशी गोड बोलून ठेवलं, त्यांना दशमी देऊ केली, त्यांनी नको म्हटलं. तुझं जाकीट जरा सारखं केलं. आणि साडेसातला तुझा फोन आला तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं? "सगळं झालंय. सरळ ये. निळ्या छत्रीच्या पुढे बसलोय." तू सरळ आलास. हजारो माणसांच्या शेजारून, कोणाकडे न बघता, बापाने सांगितलं म्हणून.

लोक ओरडायला लागले तेव्हा तुला काही कळेना. कसं कळणार? तो उंच माणूस आला. मोठ्या कोर्टांच्या तिकिटांसाठी मनगटाला बांधायच्या पट्ट्या वाटणारी मुलगी माझ्यापासून आठ-दहा माणसांवर होती. ते मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त स्पष्ट आठवतंय, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. त्याने मला विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का? तुम्ही यांच्यासाठी जागा धरली होती का?" आणि हेही सांगितलं, की तसं असेल तर तुम्हा दोघांनाही मागे जावं लागेल.

मी म्हणालो, "नाही. मी यांना ओळखत नाही."

परीक्षा विभागात कॉपी पकडली की पोरं म्हणायची, "सर, ही चिठ्ठी माझी नाही." खिशातून निघालेली, स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी. मला त्या पोरांची किळस यायची. तीस वर्षं मी घरी येऊन तुझ्या आईला सांगायचो, कॉपी परवडली, पण ते 'माझी नाही' ऐकवत नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. पुरते पाच सेकंदही नसतील. मग त्या माणसाला "सॉरी, माझी चूक झाली" म्हणालास, तुझं जाकीटसुद्धा न उचलता वळलास आणि तो तुला दंडाला धरून घेऊन गेला.

संध्याकाळी तू मला घ्यायला स्टेशनवर आलास. गाडीत बसल्यावर मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "बाबा, तुमची साखर उतरली होती का हो सकाळी? उपाशी होतात, उन्हात होतात. असं झालं की माणसं ओळखू येत नाहीत." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असेल बुवा." घरी तू ऋचालाही तेच सांगितलंस. तिने बिचारीने मला घाईघाईने सरबत करून दिलं. मी ते प्यायलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी हे यंत्र.

माझी साखर उतरली नव्हती. सव्वासहाला मी दोन दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली होती, वर एक केळं. ऊनही नव्हतं. मी माझ्या पूर्ण शुद्धीवर होतो, तुला बघत होतो, तू माझा मुलगा आहेस हे मला माहीत होतं, आणि ती पट्टीवाली मुलगी आता सहा माणसांवर आली आहे हेही माहीत होतं.

तू साखरेचं खरंच मानलंस की मला वाचवायला ते रचलंस, हे मी दीड महिना ताडून बघतोय. दोन्हींतलं काय जास्त वाईट, तेही ठरत नाही.

आणि एक. हे तुला माहीत असणं शक्य नाही, कारण तुझी पाठ होती. तुला घेऊन गेले तेव्हा मागच्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या. घुसखोर पकडला म्हणून. माझ्या आजूबाजूला पंधरा-वीस जण टाळ्या वाजवत होते, मी एकटाच हात मांडीवर ठेवून बसलेला. मला वाटलं, हे दिसेल. कोणाच्या तरी लक्षात येईल.

मीही वाजवल्या.

मग ती मुलगी आली, तिने माझ्या त्याच हाताला पट्टी बांधली आणि म्हणाली, छान दिवस जावो. आत गेलो. दिवसभर खेळ बघितला. उत्तम दिसत होतं, शौनक, खोटं कशाला सांगू? मला वाटत होतं की मला काही दिसू नये, पण सगळं दिसत होतं. चेंडू गवतावर कसा घसरत खाली राहतो तेसुद्धा. एक पाच सेटची मॅच झाली आणि शेवटच्या सेटमध्ये मी दोनदा उभा राहून ओरडलो. अशी माणसं असतात. त्यातला एक तुझा बाप.

आता मुद्द्याचं.

परवा ऋचाचा फोन आला होता. तुझ्या माघारी केला होता, तिला रागावू नकोस. ती म्हणाली, तू हिंजवडीच्या ऑफिसात बदली मागितलीस, ती मिळतेय, आणि एकतीस तारखेपर्यंत होकार कळवायचाय. तिच्या शिक्षणाचं तिथे अजून दीड वर्ष राहिलंय. ती एका शब्दाने कुरकुरली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना एकटं ठेवणं आता बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं आहे. त्या दिवशी तुम्ही त्याला ओळखलं नाहीत ना, तेव्हापासून तो नीट झोपलेला नाही."

मी फोन ठेवला आणि तुला खरं सांगू का? मला आनंद झाला. तुझी आई गेल्यापासून सहा वर्षं या घरात संध्याकाळी बेल वाजली की इस्त्रीवाला असतो. मनात म्हटलं, येऊ दे पोरगं. गप्प बसलं की झालं. दोन दिवस मी गप्प बसलो, तुझ्या खोलीतलं कपाटसुद्धा रिकामं करायला घेतलं. सोजरबाईंना सांगून टाकलं. काल सत्कारातही त्याच आनंदात 'शेजारीच होता' म्हणालो, म्हणजे एका खोट्यावर दुसरं, आणि तेही तुझ्याच जिवावर. रात्री ते कळलं.

म्हणून हे लिहितोय. तुला पुण्यात यायचं असेल, हे शहर, ही हवा, हिंजवडीच्या रस्त्यावर रोज चार तास सडणं तुला हवं असेल, तर घर तुझंच आहे. पण माणसं विसरायला लागलेल्या एका म्हाताऱ्याला सांभाळायला येणार असशील, तर तसा कोणी इथे राहत नाही. इथे राहतो तो सगळं ओळखून होता. त्याच्यासाठी दोघांची आयुष्यं उपटून यायचं का, ते एकतीस तारखेच्या आत तू ठरव. ऋचालाही हे वाचायला दे. तिच्यापासून लपवलंस तर मी तिला वेगळं लिहीन.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, आणि मी पुन्हा सुटेन.

त्या सकाळी मला एकच वाक्य म्हणायचं होतं आणि दोघांनी मिळून मागे जायचं होतं. ते आज लिहून देतो: शौनक माझा मुलगा आहे, तो मी बोलावलं म्हणून आला होता, चूक माझी आहे.

बाबा