जास्तीचा ठिपका

लोणावळे, १८ डिसेंबर १९३९

आले एकदाची लोणावळ्याला. लग्न होऊन आठवडा झाला, पण यांच्या आत्याबाईंचे मानपान आणि पाहुण्यांच्या पंगती संपता संपेनात. बंगली दरीच्या कडेला आहे. मागच्या व्हरांड्यात उभं राहिलं की खाली घाट चढणारी गाडी दिसते आणि समोर नागफणीचा कडा. थंडी अशी की खोबरेलाची बाटली चुलीशी धरल्याशिवाय तेल सुटत नाही. स्वयंपाकाला बयाबाई म्हणून कामशेतकडची बाई आहे. तिने दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. नवी नवरी म्हणजे पाहायचीच वस्तू, पाहू दे.

यांचं नाव मी लिहायचं नाही, पण 'निजखोली' ही कादंबरी लिहिणारे ते हेच. आमच्या तळेगावच्या वाचनमंडळात त्या पुस्तकाची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. त्यातली मंजिरी रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढते, आत जाऊन परत येते तो रांगोळीत एक ठिपका जास्त. त्या ठिपक्यापासून तिची भीती वाढत जाते. ठिपका नवराच घालत होता हे वाचकाला अगदी शेवटी कळतं, आणि तोवर ती दारातून 'येते' म्हणायचं सोडून 'जाते' म्हणून दरीकडे निघालेली असते. त्या एका शब्दापाशी मी दर वेळी रडले. पुढे बोलपट निघाला, त्यात मंजिरीला मेंदूचा ताप ठरवून बरी करून टाकली. शेवटी ती नवऱ्याच्या पाया पडते आणि गाणं म्हणते. मी चिडून मासिकात लेख लिहिला, 'वाचकांचा विश्वासघात'. मंजिरीला वाचवून आम्हाला फसवलं, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. तो लेख वाचून हे स्वतः आमच्या घरी आले. बिजवर आहेत, पहिली बायको तापाने गेली, एवढंच काय ते उणं. लग्नात तांदळाच्या ताटात यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, 'मंजिरी'. रजनीची मंजिरी झाले. कुठल्या वाचकाचं असं भाग्य असेल?

ही वहीही यांनीच दिली. दुसरे नवरे साडी देतात, यांनी रोजनिशी दिली आणि मनात येईल ते लिहीत जा म्हणाले. माझ्यात म्हणे एकच दोष आहे, मी अनुस्वार खाते. तोंडाने न म्हणता नुसते कागदावर द्यायचे ते ठिपके, 'नाही', 'येते', 'जाते' यांवरचे, माझ्या हातून कधी पडतच नाहीत. वडिलांनी छड्या मारल्या तरी पडले नाहीत. यांना मात्र दुकानाच्या पाटीवरचं चुकलेलं अक्षरही बघवत नाही. असो, नवरा शुद्ध आणि बायको अशुद्ध, संसार व्हायला हरकत नाही.

२४ डिसेंबर

दिवस कसे मजेत चालले आहेत. धनुर्मास असल्यामुळे बयाबाई उजाडता उजाडता मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी करते, वर लोण्याचा गोळा. हे लिहायला बसले की मी सडा घालून रांगोळी काढते. दुपारी गुडदाणी खात खात गप्पा. नव्या कादंबरीचं विचारलं तर सांगत नाहीत, अजून सुरुवातच आहे म्हणतात.

आज गंमत झाली. ठिपक्यांचं कमळ काढून कुंकवाची चिमूट आणायला आत गेले. परत येऊन पाहते तो उजव्या अंगाला एक ठिपका मोकळा, कुठलीच रेघ त्याच्याकडे जाईना. मला हसूच आलं. एवढे मोठे लेखक झाले तरी खोडी काही जात नाही. चहाच्या वेळी तसं म्हटलं तर हे गंभीर झाले. आपण खोलीतून उठलोच नाही म्हणाले. मग हळूच विचारलं, ठिपका दिसला तेव्हा नक्की काय वाटलं? हसू आलं, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला.

३१ डिसेंबर

ठिपका पुन्हा आला. काल आला, आजही आला. आता हसू येत नाही. माझ्याच चिमटीतून पडावा तसा गोल, ओळीला धरून, फक्त नको तिथे. आज मी आत गेलेच नाही, दाराआड उभी राहिले. तेवढ्यात यांनी आतून हाक मारली, म्हणून क्षणभर वळले, आणि परत पाहिलं तर होता. बयाबाई विहिरीवर होती. हे तर आतूनच बोलत होते. मग कोण?

हे रागावत नाहीत. जवळ बसवून विचारतात, भीती आधी पोटात येते की घशात, हात गार पडतात का, तेव्हा आईची आठवण येते का. आई गेल्यापासून माझी इतकी चौकशी कुणी केली नव्हती. मी सगळं सांगते, सांगितलं की हलकं वाटतं. ते टिपून घेतात. डॉक्टरांना दाखवायला, म्हणाले.

४ जानेवारी १९४०

आज राहवलं नाही, बयाबाईला ठिपक्याचं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "त्यो शिनिमा म्या बी पाह्यलाय बाई. कामशेताला तंबूत आलता. त्यातली बाई बी असंच म्हनायची, ठिपका ठिपका. नवरा बिचारा देवमानूस. बाईचंच डोस्कं फिरल्यालं. मंग बरी झाली आन् पाया पडली त्येच्या. तुमी बी औशीद घ्या."

मी भडकले. पुस्तकात तसं नाही, पुस्तकात ठिपका नवराच घालतो, असं तिला सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं, पुस्तकातलं तिला काय कळतंय, शिनिमा मात्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी तणतणत पिशवी उचलली आणि बाजारात जाते म्हणून दाराकडे वळले. तिने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं.

"जाते न्हाई म्हनायचं. येते म्हना. पहिल्या बाई बी त्या दिशी दारातनं जाते म्हनल्या. म्या म्हनलं, येते म्हना बाई, तर नुसत्या हासल्या. आन् कड्याकडं गेल्या त्या गेल्याच."

मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले. पहिली बायको तापाने गेली असं आम्हाला सांगितलं होतं. आणि 'जाते' हा शब्द बोलपटात नाहीच. बोलपटात मंजिरी घराबाहेर पाऊलच टाकत नाही. बयाबाईला अक्षर वाचता येत नाही. मग पुस्तकातलं शेवटचं वाक्य तिच्या तोंडी आलं कुठून? ते तिने ऐकलं होतं. याच दारात.

पहिल्या बाईंचं नाव काय होतं, मी विचारलं. ती म्हणाली, तुमचंच की.

८ जानेवारी

वाचनमंडळात आम्ही डोळे पुसत म्हणत होतो, काय कल्पनाशक्ती. कल्पना कसली, ती खरीच बाई होती. तिचे हात खरंच गार पडत होते आणि समोर बसून कुणीतरी ते टिपून घेत होतं. बोलपटाने फसवलं म्हणून मी आकांत केला. पुस्तकाने केवढं फसवलं होतं.

माझ्या पाठचा भाऊ केशव तळेगावच्या शाळेत मास्तर आहे. त्याला बोलावून घेतलं. व्हरांड्यात बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण माझ्याकडे न बघता. मग कळलं की तो स्टेशनवर उतरला तेव्हा हे टांगा घेऊन त्याला आणायला गेले होते. वाटेत बोलणं झालं होतं. केशवने पुण्यात तो बोलपट तीनदा पाहिला आहे. तो म्हणाला, ताई, तू पुस्तकं फार मनाला लावून घेतेस, भावोजींनी डॉक्टर बघून ठेवलाय, ऐक त्यांचं. तिलाही असंच झालं होतं, अगदी तस्संच, आणि ती बरी झाली. मी विचारलं, ती कोण? तो म्हणाला, बोलपटातली.

जाताना गुडदाणीचा पुडा घेऊन गेला. माझ्या आईच्या पोटचा.

१५ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू. पुण्याच्या वाचनमंडळाच्या बायका मुद्दाम गाडीने आल्या, लेखकाचं घर पाहायला. मला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. बायकांचं पुस्तक चांगलं की बोलपट यावरून जुंपली. एकीला बोलपटाने रात्री नीट झोप लागली. वासंतीबाई म्हणून एक चष्मेवाल्या होत्या, त्यांना बोलपटाचा संताप होता. नवरा दोषीच, त्याला सोडलाच कसा, असं त्या तावातावाने म्हणत होत्या. मला वाटलं, देव पावला. ही बाई पुस्तकाच्या बाजूची.

तिळगूळ देताना मी त्यांचा हात घट्ट धरून सांगितलं, पुस्तकातलं सगळं या घरात माझ्याशी चाललं आहे, मला आज तुमच्याबरोबर न्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे नुसते चमकले. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं, अगं ऐका, ही बघा अगदी मंजिरी. पुन्हा म्हणा म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. मला रडू फुटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, बोलपटात हिलाच घ्यायला हवी होती. आणि मग त्या वासंतीबाई, लाडाने — एकदा ते शेवटचं म्हणा ना हो, 'जाते'.

हे दारात उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळच्या गाडीने सगळ्या परत गेल्या. जाताना प्रत्येक जण म्हणाली, येते हं.

१८ जानेवारी

आज मागची पानं चाळली. माझ्या प्रत्येक 'नाही'वर टिंब. 'येते'वर टिंब. बारीक टाकाने, माझ्याच शाईत. जिथे मी भ्याले तिथे समासात — 'छान'. केशवच्या पानावर 'उत्तम'.

मी वही त्यांच्यापुढे आपटली. ते शरमले नाहीत. छापायची प्रत शुद्ध हवी, म्हणाले. ठिपका कोण घालतं, तेही विचारलं. हसले. त्यांनी आतून हाक मारली तेव्हा खिडकी उघडीच होती म्हणाले, लांब बांबूच्या नळीतून रांगोळी टाकली की झालं. एवढं सोपं. पहिलीलाही कळलं नाही म्हणाले. आणि मग माझाच लेख मला वाचून दाखवला. मंजिरीला वाचवणं हा विश्वासघात आहे, वाचकाला खरा शेवट हवा — तुझीच वाक्यं ना ही?

माझीच.

पात्याने एकेक टिंब खरवडून काढलं. पानं विरली आहेत. विरू देत.

२० जानेवारी

उद्या तळेगावला डॉक्टरांकडे नेतो म्हणाले. टांगा नको, हवा छान आहे, कड्याच्या वाटेने स्टेशनला जाऊ — कड्याच्या वाटेने स्टेशन लागत नाही.

बयाबाईचे पाय धरले. ती म्हणाली, माझे न्हवं बाई, मालकांचे धरा, शिनिमात बी —

हे जो कुणी वाचेल त्याला. पान ते फाडणार नाहीत. चांगलं उतरलं आहे. मी वेडी नाही. मी उद्या दारात 'येते' म्हणणार, ओरडून म्हणणार. तो दुसरा शब्द मी म्हणणार नाही, लिहिणार नाही. पुढे या वहीत तो दिसला तर टिंबं पाहा. माझ्या हातून ती पडत नाहीत. आणि हे खोटं लिहितील, पण अशुद्ध लिहिणार नाहीत.

टाळ्या वाजवू नका —

२१ जानेवारी

आज मन अगदीं शांत आहे. कोणाचा कांहीं दोष नाहीं. ह्यांनीं मला फार जपलें. चुकलें तें माझेंच. दारांत उभी राहून बयाबाईला हांक मारली आणि म्हटलें, मी जातें. तिनें माझा हात धरला नाहीं. कड्यावर धुकें आलें आहे, आणि मी