पिशवी मी सोडत होते

वॉरिगल क्रीक, क्वीन्सलँड
१४ सप्टेंबर १९६३

प्रिय क्लेम,

तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा सुधारला. चर्चच्या केक-विक्रीत ती पुन्हा सगळ्यांवर हुकूम सोडते आहे. पाऊस इथेही नाही. काल तुला फोन केला, पावसाबद्दलच बोलत राहिले आणि ठेवून दिला. लाज वाटते सांगायला, पण फोन पावसासाठी केला नव्हता.

तू लिहिलं होतंस, वासरं मेलेल्या गुरांची हाडं चघळतात, आणि एक कालवड फाटकातून जाताना पाय मोडून पडली. ही फॉस्फरस कमी पडल्याची खूण आहे. क्लेम, हाडांच्या चुऱ्याचं चाटण आत्ता परत ठेव. उरलेलं पत्र नंतर वाच.

नाताळात मीच तुला चिडवलं होतं. "फॉस्फरससाठी अजून हाडांचा चुरा चारतोस? आमच्या संशोधन केंद्रातली वासरं बघ. निकृष्ट चाऱ्यावरसुद्धा अंगातला फॉस्फरस धरून ठेवतात!"

"बरं बाई, शिकलेली तू. आम्ही काय, गुरांमागे धावणारे. करतो बंद," तू म्हणालास.

वासरं काहीही धरून ठेवत नव्हती. तो आकडा मी बिघडवला होता.

आम्ही चारा तोलून देतो आणि शेण-मूत तोलतो. जे आत गेलं, त्यातून बाहेर आलेलं वजा केलं की अंगात किती राहिलं ते कळतं. शेणासाठी वासराच्या मागे पिशवी बांधलेली असते. नऊ नंबरच्या वासराच्या मांड्या त्या पट्ट्यांनी सोलवटल्या होत्या. मला बघवेना. रोज दुपारी दोन तास मी पिशवी सोडायचे आणि खाली पडलेलं शेण नळीनं धुऊन टाकायचे. मग उरलेल्या दोन वासरांचीही सोडायला लागले. वहीत मात्र लिहायचे, 'शेण पूर्ण गोळा केले.'

साहेबांनी आकडे बघून पाठ थोपटली. तेव्हाच बोलायला हवं होतं. वासराची दया आली, ते मी स्वतःला माफ करीन. पण शाबासकी गोड लागली म्हणून गप्प बसले, आणि वर तुझ्यापुढे मिरवलं, त्याचं काय करू?

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "भावाला कळवलंस?" एवढंच विचारलं. मी तिथून येऊन हे पत्र लिहायला बसले.

मला पत्र लिहावंसं तुला वाटलं नाही तर लिहू नकोस. चाटण ठेवलं, एवढं आईला कळव. ती मला सांगेल.

जिचं तू ऐकलंस, ती
बर्नीस