आबांना पसंत पडलेला कीबोर्ड

साक्री, मंगळवार, संध्याकाळ

गेमसाठी मागवलेला मेकॅनिकल कीबोर्ड आज आला. जाड वायर, बटणांखाली रंगीत दिवे, पण आवाज भलताच. जुन्याच्या टकटकीवरसुद्धा आबा पलीकडच्या खोलीतून ओरडायचे. वडीलच ते, हा घरात ठेवू देतील का, हीच धास्ती. तसे गेले काही महिने ओरडले नव्हते. वाटलं, सवय झाली असेल.

आज शेजारी येऊन बसले. मी खेळत होतो, स्पेसबार खाडखाड वाजत होता. आबा दिवे बघत म्हणाले, "हाऊ बरा शे. आवाज नही करस."

मी स्पेसबार मुद्दाम जोरात आपटला. आबा दिव्यांकडेच बघत राहिले.

कधीपासून असेल हे? आणि मी खूश होतो, ओरडत नाहीत म्हणून.