नऊ पायऱ्यांवरची समिती

भोर,
१० ऑगस्ट

तीर्थरूप धनाजीमामांना अश्विनीचा वाकून नमस्कार (खुर्चीतून जितकं वाकता येतं तितका).

भातलावणी उरकून मामींची कंबर एव्हाना सरळ झाली असेल. वेल्डिंग करताना तुम्ही गॉगल लावता, की मामी समोर असतील तेवढाच वेळ? हे सगळं मोबाईलवर लिहिलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवला असता, म्हणून कागद.

तर आनंदाची बातमी अशी, की तुमची भाची कॉलेजच्या 'विविधता व समावेशन समिती'ची सदस्या झाली आहे. आमचे प्राचार्य पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते, येताना ही समिती घेऊन आले. तपासणीला पाहुणे यायचे होते आणि समितीत एक मुलगी, एक दुर्गम भागातलं कोणीतरी आणि एक दिव्यांग हवं होतं. पासलीची मी व्हीलचेअरवरून फाटकातून आत येताना त्यांना दिसले आणि तिन्ही रकाने एका फटक्यात भरले. (गेली दोन वर्षं मी त्याच फाटकातून येते. कार्यशाळेआधी दिसत नसणार.)

बैठक जुन्या इमारतीत, ग्रंथालयाशेजारच्या सभागृहात. त्या इमारतीला नऊ पायऱ्या आहेत, त्यामुळे ग्रंथालय मी अजून आतून पाहिलेलं नाही. पुस्तकं शिपाई ज्ञानूकाका आणून देतात. (एकदा इतिहासाचं मागितलं तर कुक्कुटपालनाचं आलं. तेही वाचलं.) बैठकीचा विषय होता 'कोणीही मागे राहू नये', आणि मी पायऱ्यांच्या खाली! चिठ्ठी लिहून वर पाठवली, रॅम्प कधी होणार? ज्ञानूकाका उत्तर घेऊन उतरले, "सायेब म्हनत्यात, मुद्दा लई चांगलाय, पन सदस्यानं सोता हजर ऱ्हाऊन मांडावा." मागोमाग सहीसाठी इतिवृत्त आलं. त्यात मी चर्चेत उत्साहाने भाग घेतला होता. मी सही करेना, तेव्हा 'सदस्या भावुक झाल्या' अशी भर पडली.

पाहुणे आले त्या दिवशी मैदानात स्टेज होतं. चार मुलांनी मला खुर्चीसकट उचललं. मी नको म्हणेपर्यंत मी वर होते. फेटा, फोटो, टाळ्या. मग सगळे चहाला जुन्या इमारतीत गेले, उचलणारे चौघेही. ऊन चढलं, फेटा डोळ्यांवर उतरला. आधी हसू आलं, मग मात्र रडूच यायला लागलं, तुम्हाला म्हणून सांगते. समोर माईक होता आणि तो चालू होता. मी घसा खाकरून म्हणाले, "चहाला गेलेल्या मंडळींना कळवण्यात येते, की समितीची एक सदस्या स्टेजवर सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी." आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला म्हणे.

पाहुण्यांतल्या कुंदा मॅडम कप हातात घेऊनच खाली आल्या, स्टेजच्या कडेला बसल्या आणि त्यांनी इतिवृत्त मागवलं.

"ही बैठकीला हजर होती?"

"मनाने होती," प्राचार्य म्हणाले.

"मग चांगला शेरा मीही मनातच ठेवते."

दुसऱ्या दिवशी समिती पायऱ्यांच्या खाली भरली आणि रॅम्पचा ठराव मंजूर झाला! बांधकामाची परवानगी दोन वर्षांत येईल; तोवर मी पदवी घेऊन गेलेली असेन. एकंदरीत माझं उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अश्विनी

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच. तुमच्या मार्गासनीच्या दुकानात चौकोनी पाइप आणि जाड पत्रा उरला असेल, तर एक लोखंडी रॅम्प करून टेम्पोतून आणाल का? तात्पुरता बसवायला प्राचार्यांनी लेखी परवानगी दिली आहे. (मागायला गेले तेव्हा माईक मांडीवर ठेवला होता.) माप सोबत आहे. लांब झाला तरी चालेल, चढ कमी ठेवा.

आणखी एक : कठडा दोन्ही बाजूंनी लावा, हाताला टोचणार नाही असा. पहिल्या वर्षाला भोंगवलीची शुभ्रा आली आहे, तिला दिसत नाही. प्राचार्यांना ती अजून सापडलेली नाही. त्यांनी तिला समितीत घेण्याआधी आम्हा दोघींना एकदा ग्रंथालयात जायचं आहे.