पतंजली नावाचे दोन साप

मी, शशांक त्र्यंबक उपासनी, वय सत्तावन्न, मूळ मिरजेचा, गेली सव्वीस वर्षे राहणार बिश्केक, व्यवसाय विद्यापीठात संस्कृत शिकवणे आणि एका मराठी साप्ताहिकाला पत्रे लिहिणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता व नशापाणी न करता लिहून ठेवत आहे. पुढच्या महिन्यात हृदयाची एक झडप बदलायची आहे. ती सोडली तर प्रकृती ठणठणीत आहे. मन ठिकाणावर आहे असेही लिहिण्याची रीत आहे. मंगळवारी दुपारपर्यंत होते. पुढे काय झाले ते कलम चारमध्ये सापडेल.

कलम १. राहते घर माझी पत्नी बुरुल हिच्या आईचे होते, आता बुरुलचे आहे. त्यात माझा एक खिळाही नाही. मी ठोकलेले दोन्ही तिने उपटून पुन्हा सरळ ठोकले.

कलम २. संस्कृत ग्रंथ आणि बँकेतली ठेव मिरजेच्या माझ्या भाचीला, शाल्मलीला. कोशाच्या दुसऱ्या खंडात खूण म्हणून सापाची कात ठेवली आहे. किंचाळू नये.

कलम ३. आमच्या छायाचित्र मंडळातील दमीर यास माझा जुना फ्रिज. साप फोटोसाठी स्थिर बसावा म्हणून तो आधी त्याला फ्रिजमध्ये घालून सुन्न करतो, आणि बक्षिसे मिळवतो. त्याने एकदा स्वतः आत बसून फोटो काढून घ्यावा.

कलम ४. साप आणि त्याचे फोटो.

एसेनबाय बाइके यांनी शहराबाहेरच्या सर्पगृहात तीस वर्षे सापांचे विष काढण्याची नोकरी केली. बाइके म्हणजे थोरले भाऊ; तसे ते सगळ्या गल्लीचेच आहेत. त्यांनी २००९ साली मला अंड्यातून नुकताच निघालेला एक साप दिला. इथल्याच डोंगरउतारांवरचा, नक्षीदार, बिनविषारी, आपल्या धामणीचा दूरचा चुलतभाऊ. शेषाचा अवतार म्हणून मी त्याचे नाव पतंजली ठेवले. व्याकरणात कच्चा निघाला, पण फोटोला छान बसायचा. त्याने कात टाकली की तोच चपटा काळा दगड, तीच खिडकी, तोच सकाळचा उजेड आणि एक फोटो. सोळा वर्षांत असे एकशे चार झाले. प्रत्येकाखाली मी एकच शब्द लिहिला: सोऽयम्. तोच हा.

इथले एक संग्रहालय ही मालिका घ्यायला तयार आहे. अट एकच: सगळे फोटो एकाच सापाचे आहेत असे मी मृत्युपत्रात शपथेवर लिहावे. माझ्या हातून जगात काही राहणार असेल तर एवढेच.

मंगळवारी सकाळी मसुदा घेऊन नोटरी झामिराबाईंकडे गेलो.

"साप ही जंगम मालमत्ता," त्या म्हणाल्या. "ओळखीची खूण?"

"स्वभावाने लाजाळू आहे."

"गाडी विकताना असं लिहिता का? इंजिनाचा नंबर लिहिता. नंबर आणा."

सापाचा नंबर त्याच्या पोटावर असतो. तिथल्या काळ्या ठिपक्यांची मांडणी दोन सापांत सारखी नसते आणि मोठ्या सापात सहसा बदलत नाही. २०११ मध्ये कात अडकली होती तेव्हा मी पोटाचा एक फोटो काढला होता. मंगळवारी दुपारी दुसरा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. जुन्यात गळ्याखाली सलग पाच ठिपके. नव्यात दोन, मग मोकळी जागा. फोटो उलटा धरलाय का ते पाहिले. साप उलटा धरलाय का ते पाहिले. दोन्ही सरळच होते.

दोरीला साप समजणे या भ्रमावर मी सव्वीस वर्षे व्याख्याने दिली आहेत. सापाला दुसराच साप समजणे, यावर आचार्यांनी काही लिहून ठेवलेले नाही.

बुरुल भांडी विसळत होती. मी दोन्ही फोटो तिच्यापुढे धरले. ती सापाच्या फोटोलाही घाबरते. या वेळी तिने नजर वळवली नाही. नळ बंद केला.

"आठ वर्षं झाली, मास्तर," ती म्हणाली. ती मला लग्नाआधीपासून मास्तरच म्हणते. "मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ओळखशील."

२०१७ च्या हिवाळ्यात माझी आई आजारी होती म्हणून मी तीन महिने मिरजेत होतो. इकडचे साप थंडीत झोपतात. पतंजलीची पेटी बंद बाल्कनीत होती आणि बुरुलला काम एकच होते, बाहेरची खिडकी लावलेली ठेवायची. ती एक दिवस उघडी राहिली. बाहेर उणे एकवीस. पतंजली गोठून मेला. का उघडी राहिली, हे मी मंगळवारपासून दोनदा विचारले. "विसरले," एवढेच म्हणाली.

एसेनबाय बाइकेंकडे त्याच अंड्यांतला सख्खा भाऊ होता, भलता चावरा. तो आमच्या पेटीत आला. आणि या बाईने महिनाभर रोज त्याला दोन्ही हातांत घेऊन, बसून, माणसाळवले. मी परतलो तेव्हा तिच्या मनगटांवर ओरखडे होते. मांजराचे, असे मला सांगण्यात आले. आमच्याकडे मांजर नाही. मी पुढे काही विचारले नाही. त्याऐवजी साप्ताहिकाला पत्र लिहिले, की तीन महिन्यांच्या विरहानंतर पतंजलीने मला जिभेच्या पहिल्या लवलवीतच ओळखले. वाचकांची एकवीस उत्तरे आली. एकाला गहिवरून आले होते.

बुधवारी बाइकेंना बोलावले. ते चहात जाम कालवत शांतपणे म्हणाले, "भावाच्या जागी भाऊ बसला, त्यात एवढं काय? आमच्यात पूर्वी भाऊ गेला की भावजयसुद्धा अशीच सांभाळायचे."

"बाइके, तुम्ही जरा गप्प बसा," बुरुल म्हणाली.

"अरे, शपथ लिहून टाक. साप काही कोर्टात उभा राहत नाही."

"आणि पोट?" मी विचारले.

"पोट कोण बघतंय? तू तरी कुठे बघितलंस?"

उत्तर बुरुलने दिले. "खोटं मी बोलले," ती म्हणाली. "तेवढं घराला पुरे झालं. तू शपथेवर बोलू नकोस. माझं नाव घालून खरं लिही."

कलम ५. म्हणून शपथेवर लिहितो. पहिले त्रेसष्ट फोटो पतंजलीचे आहेत. पुढचे एक्केचाळीस त्याच्या भावाचे, ज्याला मी कधी नाव दिले नाही. त्याने आठ वर्षे माझी चूक एकदाही दाखवून दिली नाही. त्या एक्केचाळीस फोटोंखालचा शब्द मी खोडला आहे. संग्रहालयाने आता मालिका नाकारली तर त्यांना दोष नाही; फोटो शाल्मलीकडे जावेत.

कलम ६. कॅमेरा, काळा दगड आणि जिवंत साप मी बुरुलच्या नावे लिहिला होता. आज नोटरीसमोर तिने ती ओळ कापायला लावली.

"ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही ना?" तिने विचारले.

"नाही," झामिराबाई म्हणाल्या.

"मग मला काही नको. मला साक्ष द्यायची आहे."

"बाई, साक्ष सहीची असते. सापाची नव्हे."

"दोन्हीची देते."

ती माझ्याकडे बघत नव्हती. सबब या तिन्ही वस्तू एसेनबाय बाइके यांना.

कलम ७. राहिला राग. तो स्थावर की जंगम हे ठरत नाही. मंगळवारपासून रोज घराच्या वेगळ्या खोलीत सापडतो. त्याला वारस नेमलेला नाही.

येथवरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि खाली सही केली.

स्थळ: बिश्केक. दिनांक: शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५.

(सही) शशांक त्र्यंबक उपासनी

साक्षीदार (दोघांनी किरगीज भाषेत लिहिले, मराठी माझे):

१. तोक्तोसून, नोटरीच्या शेजारचा चांभार. सही माझ्यासमोर झाली. बाकी प्रकरण माझ्या डोक्यावरून गेले.

२. बुरुल, पत्नी. सही माझ्यासमोर झाली. खिडकी मी उघडली होती. त्या दिवशी मास्तरांचा मिरजेहून फोन आला, की आई गेली. मिरजेच्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते: आमच्यात कोणी गेलं की कणकेचे तुकडे तेलात तळतात. तो वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो आणि त्याचं पोट भरतं. आईंचं आमच्याशिवाय इकडे कोणी नव्हतं. मिरज लांब आहे, म्हणून मी बाल्कनीच्या आतली आणि बाहेरची, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, आणि तळण संपल्यावरही बराच वेळ लावल्या नाहीत.