कुबडीचे खळगे

माझ्या दिवंगत सहधर्मचारिणीस,

तू गेलीस, तरी मला वैताग देण्याची तुझी व्यवस्था चोख आहे. तुझ्याकडे असायच्या त्या प्रार्थनामंदिराच्या किल्ल्या परत करायला आज पाळकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "ताईंनी सांगून ठेवलंय, किल्ल्या त्यांच्या भावाकडे द्यायच्या." त्याच भावाकडे, ज्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि तुझ्या हाती जन्मभराची कुबडी दिली!

"देवाने त्याला क्षमा केली असेल, मी केलेली नाही," मी स्पष्ट सांगितले. "आणि त्या क्षमेने हिचा पाय सरळ झाला का?"

"नाही झाला. होतो, असं मी कधी उपदेशात म्हटलंय का?"

मी किल्ल्या उचलल्या आणि तडक प्रार्थनामंदिरात गेलो.

आत तुझा भाऊ लाकडी जमिनीला पॉलिश करत होता. तुझ्या बाकापाशी कुबडीने पडलेले खळगे मात्र तसेच होते.

"हे बुजवायला काय झालं?" मी खेकसलो.

"नाही बुजवणार, दाजी. ताई माफ करून गेली, पण मी काय केलंय ते मला दर रविवारी दिसायला हवं. तुम्ही माफ करा, असं नाही म्हणत. इथे झाडू मारू द्या, एवढंच."

त्याचा राग मला उद्याही येईल, हे तुला प्रामाणिकपणे कळवतो. पण उठताना त्याने त्या खळग्यांवर पाय दिला नाही. वळसा घालून गेला.

तुझा,
अद्याप रागावलेला पती

ता. क. आम्ही दोघांनी मिळून दाराला कुलूप लावले. किल्ल्या परत केल्या, त्याच्याच हातात.